‘कणा’मधले बोलणारे नेमके कसे आहेत? कवितेतल्या तपशिलांवरून स्वभाव कसा ओळखावा?

आठवीची आई (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

माझी मुलगी आठवीत आहे. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त तिच्या शाळेत काव्यवाचनाची स्पर्धा असते आणि यंदा तिने कुसुमाग्रजांची ‘कणा’ ही कविता निवडली आहे. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी पावसात सरांकडे येतो, त्यांनी देऊ केलेले पैसे नाकारतो आणि पाठीवर हात ठेवून फक्त ‘लढ’ म्हणा, एवढेच मागतो, ती ही कविता. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना ही कविता तोंडपाठ असते, म्हणून तालीम आपणच घ्यावी असे मी मोठ्या उत्साहाने ठरवले आणि पहिल्याच दिवशी अडले. शाळेतल्या सराव फेरीत तिला असे सांगण्यात आले होते की आवाजात जोश कमी पडतो आणि शेवटच्या ओळीला मूठ वर गेली पाहिजे. तिचे म्हणणे असे की हा माणूस मूठ आवळून बोलणाऱ्यांतला वाटतच नाही. का वाटत नाही, हे तिला नीट सांगता येईना. ‘तो हसतो ना गं,’ एवढेच ती म्हणाली.

मग मी तिच्या गाईडमधले उत्तर काढून पाहिले. पुरात घर गेलेला विद्यार्थी जिद्दी, स्वाभिमानी, आशावादी आणि संकटांना न डगमगणारा आहे, असे तिथे लिहिले आहे. यातला एकही शब्द खोटा नाही, पण हेच चार शब्द पोवाड्यातल्या कोणत्याही मावळ्याला आणि पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला जसेच्या तसे लावता येतील. मला हवे आहे ते या एकाच माणसाचे वर्णन, जे दुसऱ्याला लागू पडणार नाही. ते कवितेत कुठे आहे आणि मुलीला ते शोधायला कसे शिकवावे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न तालमीतच उभा राहिला. ‘ओळखलंत का सर मला?’ हे शब्द विद्यार्थ्याचे आहेत, पण त्याला जोडूनच येणारे ‘पावसात आला कोणी’ हे शब्द त्याचे असू शकत नाहीत. म्हणजे ही कविता सांगणारा कुणी वेगळाच आहे. तो कसा आहे, याबद्दल गाईड अवाक्षरही काढत नाही आणि मलाही इतकी वर्षे हा प्रश्न पडला नव्हता. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. स्पर्धेला दोन आठवडे आहेत.

फळा-खडू

ताई, प्रश्न उत्तम आहे, आणि खरे पाहता पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या मुलीने दिलेलेच आहे. आपण फक्त त्याची कारणे जमवायची आहेत. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे ही कविता मीही मूठ आवळूनच शिकवली, हे आधी कबूल करतो.

माझी पद्धत अगदी घरगुती आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. माणसावर काय ओढवले ते डावीकडे लिहावे आणि त्याने ते कोणत्या शब्दांत सांगितले ते उजवीकडे. जे ओढवले ते त्याच्या हातात नव्हते. शब्द मात्र त्याने स्वतः निवडलेले असतात, आणि दोन्ही बाजूंत जेवढे अंतर पडते तेवढ्यात तो माणूस सापडतो. इथे डाव्या बाजूला सरळ हिशेब येतो: नदीला पूर आला, पाणी घरात शिरले, भिंत पडली, चूल गेली, सामानसुमान वाहून गेले. आता उजवी बाजू पाहा. त्याच्या बोलण्यात ‘पूर’ हा शब्दच नाही. त्याच्याकडे ‘गंगामाई पाहुणी’ आली, आणि ती राहून गेली ते ठिकाण तो घर म्हणून सांगत नाही, ‘घरट्यात’ म्हणतो. लगेच पुढच्या दमात त्या पाहुणीचे नाते आणखी जवळचे होते आणि ती माहेरवाशीण पोर होते. माहेरवाशिणीला कोणी जाब विचारत नसते. ती चार दिवस हवे तसे वागते, घर डोक्यावर घेते, आणि निघताना तिला रिकाम्या हाताने पाठवायचे नसते. ओटी भरायची असते, खण-लुगडे आणि शिधा बांधून द्यायचा असतो. हा रिवाज ज्याच्या अंगात मुरला आहे त्यालाच ‘मोकळ्या हाती जाईल कशी’ असे सुचू शकते. घर धुऊन गेले ही गोष्ट त्याच्या तोंडी लूट होत नाही, लेकीची पाठवणी होते. ज्याला नदीवरसुद्धा राग धरून ठेवता येत नाही असा हा माणूस आहे, आणि हे गाईडमधल्या चार विशेषणांत कुठेही बसत नाही.

तो नुसता हसरा आहे, असे मात्र मुलीला सांगू नका. माहेरवाशिणीचा विनोद ज्या शब्दांवर संपतो ते शब्द ‘बायको मात्र वाचली’ असे आहेत. त्या ‘मात्र’पाशी थांबून पाहा. तोवर ऐकणारा मनातल्या मनात हसत असतो आणि इथे त्याला अचानक कळते की बायकोही जाऊ शकली असती. केवढी मोठी गोष्ट या गृहस्थाने विनोदाच्या शेपटाला बांधून सोडून दिली आणि तिथे तो क्षणभरही थांबला नाही! पापण्यांतल्या पाण्याबद्दल बोलतानाही त्याने हेच केले आहे. आपण रडलो, हे तो सांगतो, पण ते पाणी नदीने ठेवलेला ‘प्रसाद’ आहे असे म्हणून सांगतो. दुःख झाकायचे तर आहे, पण खोटे बोलायचे नाही, अशी त्याची कसरत चाललेली दिसते.

आणखी एक गंमत मला फार उशिरा दिसली. पुराच्या प्रसंगात जी ‘बायको’ असते तीच पुढे, घर पुन्हा उभे करायची वेळ आली की, ‘कारभारीण’ होते. बुडता बुडता वाचलेली ती बायको आणि खांद्याला खांदा लावून चिखल उपसणारी ती कारभारीण. त्याने बायकोच्या धीराचे एका अक्षराने कौतुक केलेले नाही. फक्त तिचे नाव बदलले आहे. खेड्यापाड्यातल्या नवऱ्याने केलेले कौतुक बहुधा इतकेच असते आणि ते पुरेसेही असते.

शेवटच्या ओळीसाठी एकच सूचना करतो. ‘लढ’ आणि ‘म्हणा’ या दोन क्रियापदांकडे मुलीचे लक्ष वेधा. तो सरांना ‘म्हणा’ असे आदराने सांगतो आणि सरांकडून स्वतःसाठी ‘लढ’ हे एकेरी मागतो. ‘लढा’ म्हणून घ्यायला तो आलेला नाही. संसार केलेला, घर बुडालेला बाप्या माणूस पुन्हा एकदा वर्गातल्या बाकावर बसायला आला आहे. मूठ वर करून हे मागता येत नाही.

शंकेखोर

फळा-खडू सरांचे विवेचन वाचायला सुरेख आहे, पण मला त्यात एक मूलभूत घोटाळा दिसतो. ज्या शब्दनिवडीचे श्रेय आपण विद्यार्थ्याला देत आहोत ती निवड कवीची आहे. ‘नाचली’ला यमक हवे म्हणून ‘वाचली’ आले, आणि ‘कारभारणीला’ हा शब्द त्या ओळीच्या चालीत बसतो म्हणून आला, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार? कवितेला छंद असतो, आणि छंदाच्या सोयीने आलेल्या शब्दाला मानसशास्त्र चिकटवले की काहीही सिद्ध करता येते.

दुसरे असे की ज्याचे घर चारच दिवसांपूर्वी वाहून गेले आहे, तो माणूस पाहुणी, माहेरवाशीण आणि प्रसाद अशा एकामागून एक रूपकांत बोलेल, हे मला पटत नाही. अंगावर ओले कपडे असलेला माणूस ‘पाणी शिरलं, सगळं गेलं’ असे तुटक बोलतो. तेव्हा इथे दिसतो तो कुसुमाग्रजांचा प्रतिभाविलास आहे, विद्यार्थ्याचा स्वभाव नाही, असे माझे मत आहे. गैरसमज नसावा, कविता मलाही आवडते.

कृष्णाकाठ

शंकेखोर यांच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मी सांगलीचा आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या घराच्या तळमजल्यावर कृष्णेचे पाणी होते.

आमच्याकडे नदीला कोणी नुसते कृष्णा म्हणत नाही, ती कृष्णामाई आहे. पाऊस लागला की ‘आयर्विन पुलावर किती फूट झालं?’ ही चौकशी घराघरांत सुरू होते, पण ती चौकशी करणारी माणसेही बोलताना ‘माई वर चढायला लागली’ असेच म्हणतात. पाणी ओसरल्यावर आमच्या शेजारच्या आजी घरात शिरल्या आणि देवघराची जागा पाहून त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: ‘माई येऊन गेली, आता तिची ओटी भरायला हवी.’ त्यांचे कपाट आडवे पडले होते आणि धान्याचे डबे फुगून फुटले होते. त्या काही कवयित्री नव्हेत. नदीकाठच्या माणसाला पुराबद्दल बोलायला हीच भाषा आयती मिळालेली असते. कवितेतला विद्यार्थी रूपके रचत बसलेला नाही. तो त्याच्या घरात बोलली जाणारी भाषा बोलतो आहे. मात्र ती बोलता बोलता तो कुठे पोहोचतो, हे त्याचे स्वतःचे आहे. आजी ओटीपाशी थांबल्या, हा ‘मोकळ्या हाती जाईल कशी’पर्यंत गेला, म्हणजे त्याने त्या आयत्या भाषेतही एक फिरकी घेतली.

आता जे मला या कवितेत पुरानंतरच दिसले ते सांगतो. पाणी उतरल्यावर पहिले काम गाळ काढण्याचे असते. तो ओला असतानाच फावड्याने ओढून बाहेर काढावा लागतो; दोन दिवस ऊन लागले की तो तडकतो, चिवट होतो आणि मग कुदळीवाचून सुटत नाही. भिंतीबिंतीचा विचार त्यानंतर, आणि तोही पैशांची जमवाजमव झाल्यावर. विद्यार्थी काय म्हणतो? आधी ‘पडकी भिंत बांधतो आहे’ आणि मग ‘चिखलगाळ काढतो आहे’. क्रम उलटा आहे. यमकासाठी उलटा झाला असे म्हणावे तर दोन्ही तुकडे ‘आहे’वरच संपतात आणि चालही सारखीच आहे, ‘लढतो’-‘काढतो’ची जुळणी सोडली तर अदलाबदल केली असती तरी काही बिघडले नसते. मला तर असे वाटते की सरांपुढे बोलताना त्याच्या तोंडून आधी ते आले जे सांगायला बरे वाटते, म्हणजे भिंत उभी राहते आहे हे, आणि खरे सध्या चाललेले काम, जे चिखलाचे आहे, ते मागाहून आले. आम्हीही मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर अगदी असेच सांगत होतो. ‘रंग द्यायचा आहे एकदा’ असे म्हणत होतो, तेव्हा गुडघाभर गाळ घरातच होता.

अर्धविराम

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. विद्यार्थी कसा आहे हे आपल्याला कळते ते सांगणाऱ्याने कळू दिले म्हणून. तो सांगणारा म्हणजे सर आहेत, असे मी धरून चालतो. ‘मी’ असा शब्द सांगणाऱ्याने स्वतःसाठी कुठेही वापरलेला नाही, हे खरे. पण ‘खिशाकडे हात जाताच’ हे वाक्य नीट ऐका. कोणाचा हात, हे सांगितलेले नाही. आपण मराठीत स्वतःच्या हातापायांबद्दल असेच बोलतो. ‘डोळ्यांत पाणी आलं’ म्हणतो, त्याआधी ‘माझ्या’ लावत नाही. हात दुसऱ्याचा असता तर बहुधा ‘सरांचा’ म्हणावे लागले असते. हा बिनमालकीचा हात सांगणाऱ्याचाच आहे.

आता या सरांची शब्दकळा पाहा. आलेल्या माणसाचे कपडे त्यांना ‘कर्दमलेले’ दिसतात. तोच चिखल विद्यार्थ्याच्या तोंडी ‘चिखलगाळ’ असतो. कर्दम हा पोथीतला शब्द आहे आणि चिखलगाळ हा फावड्याला लागलेला. कवीने एकाच चिखलासाठी दोन शब्द वापरून दोन माणसे वेगळी केली आहेत, आणि हे यमकाच्या सोयीने घडलेले नाही, कारण दोन्ही शब्द ओळीच्या शेवटी नाहीत. (शंकेखोर यांनी याची नोंद घ्यावी.)

मग ‘कोणी’ येते. ‘ओळखलंत का?’ असे विचारत कोणी तरी आला, असे सर सांगतात. अमका आला, असे सांगत नाहीत. त्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिले, हेही कवितेत नाही. विद्यार्थी क्षणभर बसतो, मग हसतो आणि मग वर पाहून बोलू लागतो. तो क्षण कशाचा आहे? मला वाटते, उत्तराची वाट पाहण्याचा. सरांनी ओळखलेले नाही, किंवा ओळखल्यासारखे करण्याची त्यांची धडपड चाललेली आहे, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने हसून ती वेळ निभावून नेली. तो दोनदा हसतो. एकदा सर ओळखण्यात चुकतात तेव्हा आणि एकदा सर खिशाकडे हात नेतात तेव्हा. दोन्ही वेळा सरांचे चुकते आणि दोन्ही वेळा हसून सांभाळून घेतो तो विद्यार्थी. ताई, तुमच्या लेकीने ‘तो हसतो ना’ म्हटले तेव्हा तिने याच दोन जागा पकडल्या असाव्यात.

अख्ख्या कवितेत सरांच्या तोंडी एकही उद्गार नाही. ते सांगतात ते फक्त त्याचे बोलणे आणि आपला खिशाकडे गेलेला हात. हा हात त्यांना सहज गाळता आला असता; ‘मदत करावी असे वाटले’ असे सावरून सांगता आले असते. त्यांनी ते केले नाही. भुकेल्याला भाकरी द्यावी तसा हात आपसूक खिशाकडे गेला आणि समोरच्याला ते लागले, एवढे त्यांनी जसेच्या तसे ठेवले. आपल्याला आदर मिळाला तो तपशील आणि आपण कमी पडलो तो तपशील, हे दोन्ही सारख्याच आवाजात सांगणारा माणूस मला या कवितेत दिसतो. गाईडवाल्यांना तो दिसला नाही, कारण तो स्वतःबद्दल काहीच बोलत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण हवे असेल तर रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ ही १८४२ साली छापलेली कविता पाहावी. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती अभ्यासाला असतेच. इटलीतल्या फेरारा शहराचा ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचे भिंतीवरचे चित्र एका पाहुण्याला दाखवतो आहे. हा पाहुणा दुसऱ्या एका सरदाराचा दूत असून त्या सरदाराच्या मुलीशी ड्यूकचे लग्न ठरायचे आहे. छप्पन्न ओळी एकटा ड्यूकच बोलतो. चित्रावर पडदा आहे आणि तो आपल्याशिवाय कोणी सारत नाही, हे तो ओघात सांगून जातो. बायकोची तक्रार करताना तो काय मोजतो? मावळता सूर्य, कोणी बागेतून तोडून आणलेली चेरीची फांदी आणि ती ज्याच्यावर बसून फिरायची तो पांढरा खेचर, या सगळ्यांवर ती सारखीच खूश व्हायची. आपण तिला दिलेले नऊशे वर्षांचे घराण्याचे नाव तिने त्याच पंगतीत बसवले. मग आपण हुकूम दिले आणि सगळी हसू एकदमच थांबली, असे एक वाक्य येते आणि पुढे हुंड्याची बोलणी होतात. जाता जाता तो समुद्री घोड्याला माणसाळवणाऱ्या नेपच्यूनचा ब्राँझचा पुतळा दाखवतो, दुर्मिळ वस्तू म्हणून. मला बोलण्याचे कसब नाही, असेही हा गृहस्थ मध्येच म्हणतो!

ड्यूकने दिलेला प्रत्येक तपशील त्याच्याविरुद्ध साक्ष देतो आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. त्याच्या मते बायको दोषी ठरली; ऐकणाऱ्याला मात्र चेरीच्या फांदीवर खूश होणारी एक मुलगी दिसते आणि जिवंत माणसाला पडद्यामागे ठेवणारा एक नवरा दिसतो. ‘कणा’मधल्या सरांचा तपशीलही त्यांच्याविरुद्ध जातो, पण तो त्यांनी जाणून ठेवला आहे. बोलणाऱ्याला आपल्या तपशिलाचा अर्थ कळला आहे की नाही, हे पाहिले की निम्मा स्वभाव हाती येतो.

शंकेखोर

कर्दम आणि चिखलगाळ या जोडीपुढे मी माघार घेतो. कृष्णाकाठ यांच्या फावड्यापुढेही.

तरीही एक सावधगिरी सांगून ठेवतो. कुसुमाग्रज नाशिकचे, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, पूर किती चढला हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कितव्या अंगाला पाणी लागले त्यावरून सांगतात, तेव्हा हे घर नाशिकच्या गोदाकाठचे आणि कवितेतले सर म्हणजे स्वतः तात्यासाहेब शिरवाडकर, असे काही वाचक बेधडक म्हणून टाकतात. ‘गंगामाई’ हा शब्द नाशिकच्या बोलण्यातून आला असावा, इथवर मी येतो. पण कवितेत गावाचे नाव नाही आणि सरांचेही नाही. तपशिलावरून बोलणाऱ्याचा स्वभाव ओळखणे वेगळे आणि त्यावरून कवीचा पत्ता शोधणे वेगळे.

फळा-खडू

सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. कधी कधी बोलणारी आणि कवयित्री यांच्यात सुई घालायलाही जागा नसते. बहिणाबाई चौधरींनी मनाला ‘उभ्या पिकातलं ढोर’ म्हटले आणि कितीही हाकलले तरी ते फिरून पिकावर येते, असे गायिले. हे वाचल्यावर त्या जळगावजवळच्या आसोद्याच्या होत्या, हे कोणी सांगितले नसते तरी ही बाई शेताच्या बांधावर उभी राहिलेली आहे, तिने हातात काठी घेऊन ढोरामागे धाव घेतली आहे आणि तरीही तिला त्या ढोराचा खरा राग आलेला नाही, इतके कळलेच असते. मनाला वारू म्हणणारे कवी पुष्कळ आहेत. ते बहुधा घोड्यावर बसलेले असतात. ‘ढोर’ म्हणणारी पायी चालते.

अर्धविराम यांना एक प्रश्न विचारतो. ‘एकटेपणा वाटला’ हे तुम्ही सोडून दिलेत. घरी कारभारीण असताना याला एकटेपणा कसला?

अर्धविराम

सोडले नाही, त्याबद्दल काय लिहावे ते ठरत नव्हते. कवितेत स्वतःच्या मनाबद्दल तो उघडपणे बोलतो ते वाक्य हेच, आणि त्यातही ‘जरा’ घालून. तेसुद्धा केव्हा? पैशांबद्दल गैरसमज झाल्यावर, तो दूर करण्यासाठी. सरांचा हात खिशाकडे गेला नसता तर तो कदाचित लढतो आहे, बांधतो आहे, काढतो आहे असे सांगून, चहा घेऊन निघून गेला असता आणि एकटेपणाचा शब्द त्याच्या तोंडून आलाच नसता. कारभारणीपुढे त्याला खंबीर राहावे लागते, कारण तीही त्याच्याकडे पाहूनच उभी आहे. ज्याच्यापुढे खंबीर राहावे लागणार नाही असा माणूस शोधत तो पावसातून इथवर आला, आणि त्या माणसाने आधी ओळखले नाही आणि मग पैसे काढले.

आठवीची आई

सर्वांचे मनापासून आभार. गेले तीन दिवस आम्ही दोघी हा धागा रोज संध्याकाळी वाचत होतो आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून झाली आहे. डावी बाजू पाच ओळींत संपली; उजव्या बाजूचे पान उलटावे लागले. ‘बायको’ आणि ‘कारभारीण’ तिने स्वतः दोन रंगांनी अधोरेखित केले आहेत. चिखलाचा उलटा क्रम ऐकून ती म्हणाली, ‘म्हणजे तो सरांना थोडं प्रगतिपुस्तक दाखवतोय.’

मूठ रद्द केली आहे. जोशाचे गुण जातील ते जाऊ देत, असे तिनेच ठरवले. मात्र एका जागी आम्ही अडखळलो होतो. ‘बोलला वरती पाहून’ म्हणजे देवाकडे पाहून की सरांकडे पाहून, हे कळत नव्हते, आणि वाचताना मान कुठे करायची हा स्पर्धेच्या दृष्टीने अगदी व्यावहारिक प्रश्न होता. काल तालमीला ती खाली सतरंजीवर बसली होती आणि मी खुर्चीत. तिने ‘ओळखलंत का सर मला’ म्हटले आणि मी, खरे सांगते, पुढची ओळ मनात म्हणण्याच्या नादात तिच्याकडे नुसतीच पाहत राहिले. तिने मान खाली घातली, थोडी थांबली, हसली आणि मग माझ्याकडे वर पाहून पुढचे म्हणू लागली. झाल्यावर तिने विचारले, ‘आता वर पाहिलं म्हणजे आधी खाली पाहत होता, हो ना?’

स्पर्धेत प्रत्येकाला तीन मिनिटे आहेत. कविता चौदा ओळींची आहे, त्यामुळे तेवढे थांबायला वेळ पुरतो.